मानपत्रावरचं कमळ

भोपाळ राजधानी ठरून नवं राज्य झालं त्या साली आमच्या शाळेतल्या तात्पुरत्या शिक्षिकांची झोप उडाली होती. निरनिराळ्या जुन्या प्रांतांतले शिक्षक एकाच यादीत बसवायचे होते आणि त्यात आम्हाला जागा मिळेल की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मी चित्रकला शिकवत होते. नोकरी गेली तर फोपनारच्या केळीबागाईतदाराचं स्थळ पत्करायचं, असं घरी ठरलं होतं. त्या माणसाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. मला कोणी विचारलं नाही, याचा मात्र भयंकर राग होता.

तेवढ्यात भोपाळहून शिक्षणखात्याचे मोठे साहेब येणार असं कळलं. हेडमास्तरांनी त्यांना मानपत्र द्यायचं ठरवलं, तेही कागदावर नाही, रेशमावर. लोधीपुऱ्यातल्या विणकरांकडून जरीकाठी पांढरा तुकडा आला. एकच. तो माझ्या हातात देत ते म्हणाले, "बाई, हे जमलं तर तुमची शिफारस मी स्वतः करतो. बिघडलं तर मग मला काही बोलता येणार नाही."

नेमकी त्याच आठवड्यात माझी दाढ ठणकायला लागली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका चिनी दातवाल्याचं दुकान होतं. हा गृहस्थ रोज सकाळी दुकानाच्या दगडी पायरीवर जाड कुंचल्यानं नुसत्या पाण्यानं लिहीत बसे. चौथं अक्षर होईतो पहिलं वाळून जाई. गल्ली त्याला अर्धवट समजत असे, आणि मीही गल्लीतलीच.

दाढ दाखवायला त्याच्याकडे गेले, तेव्हा माझ्या मांडीवर सरावाचा कागद होता. तो त्यानं उचलला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "सुंदर है. मगर हड्डी नहीं है. सिर्फ कपड़ा है."

मी उत्तर देणार, तोच त्यानं माझ्या तोंडात चिमटा घातला आणि बोलतच राहिला. हा सरळसरळ अन्याय होता. त्याच्या बाजारी हिंदीत तो सांगत होता, की अक्षर आधी मनात पूर्ण उभं राहिलं पाहिजे, मगच कुंचला टेकवायचा आणि एकदाच ओढायचा. ओढली ती रेघ गेली, तिच्यामागे धावायचं नाही. तू आधी अक्षराची कड आखतेस, मग आत रंग भरतेस, मग पुन्हा कड सारखी करतेस. यात तू कुठं आहेस? त्याच्या आजोबांनी तरुण मुलगा गेल्यावर भावाला पत्र लिहिलं होतं. त्यात दोनदा कुंचला अडखळला होता, एक शब्द खोडला होता. घरच्यांनी तेच पत्र भिंतीवर लावलं. स्वच्छ नक्कल कोणी केली नाही, कारण नकलेत आजोबा कुठून येणार? मी तोंडात कापूस धरून मनात म्हटलं, तुझं ठीक आहे बाबा, तुझ्या डोक्यावर भोपाळचा साहेब बसलेला नाही.

मी माझ्याच पद्धतीनं लिहायला घेतलं. कागदावर चूक झाली तर मी ब्लेडनं हलकेच खरवडत असे. रेशमाला ब्लेड कुठं लावणार? शाई घट्ट करून, जीव मुठीत धरून सगळ्या ओळी उतरल्या. समारंभाच्या सकाळी शेवटची ओळ तेवढी राहिली होती. हेडमास्तर मागं येऊन उभे राहिले. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी कुंचला टेकवला आणि थबकले. तेवढ्यात शाई पसरली. पाहता पाहता बोराएवढा डाग झाला.

"झाका ते," हेडमास्तर म्हणाले. "एखादं फूल काढा."

खोटं कशाला सांगू, मला ते भिंतीवरचं पत्र आठवलं. डाग तसाच ठेवावा असं क्षणभर वाटलं. मग फोपनार आठवलं, आणि मी कमळ काढलं. कोणाला शंका येऊ नये म्हणून समोरच्या कोपऱ्यात तसंच दुसरंही काढलं.

साहेबांनी मजकूर वाचलाच नाही. कमळं कोणी काढली, एवढंच विचारलं. हेडमास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. असा हात शाळेत कायम असायला हवा, असं साहेब सर्वांसमक्ष म्हणाले.

नंतर मानपत्र टेबलावर मांडलं, तसे गावातले दुकानदार रांगेनं पाहायला आले. त्यांत दातवालाही होता. दुसऱ्या कमळाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. पहिल्यावर, न टेकवता, बोट धरलं.

"बाई, यहाँ तुम डर गया था."

मी चिडून म्हटलं, "वो डिज़ाइन है."

"पूरे कपड़े में इतना ही तुम्हारा था," तो हळूच म्हणाला आणि पुढं सरकला. मला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

महिनाभरात कायम झाल्याची ऑर्डर आली. घरात पेढे वाटले. फोपनारला नकार कळवायचा होता. तो मीच लिहिणार, असं वडिलांना सांगितलं. मी उभ्याउभ्याच लिहिलं, की तुमच्यात काही उणं नाही, पण मला कोणी विचारलं नव्हतं. ओळी तिरक्या गेल्या, एक वाक्य अर्ध्यावर खोडलं.

वडिलांनी वाचलं. म्हणाले, "असं कुठं धाडतात का? साफ करून लिही पोरी."

मी त्यांच्या हातातून ते घेतलं आणि तसंच पाकिटात घातलं.