वांग्याच्या बियांचं मडकं

मी आणि बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते वांगी ठेचायचं. खायची वांगी नाही, बियांची. खायचं वांगं जांभळं असतानाच तोडतात. बियांचं वांगं झाडावरच पिवळं पडू द्यावं लागतं, हाताला पिलपिलं लागेपर्यंत. तशी टोपलंभर वांगी अंगणात आणून ठेवली होती. फाल्गुन संपत आला होता, दुपारची वेळ होती. ती दगडावर एकेक वांगं बत्त्यानं फोडत होती आणि मी आतला गर बोटांनी सोडवून मडक्यात टाकत होतो.

"अवो, मडक्यात टाकून राह्यले का अंगावर? अर्ध्या बिया तुमच्या मिशीले लागल्या."

"लागू दे. मिशीतच पेर यंदा. पाणी द्यायचं काम नाई, चहा सांडतेच तिथं."

"तिथं काई उगवत नाई. लय वर्षं पाह्यलं म्या."

मडकं भरलं. मी वरून पाणी ओतलं. तिनं हात घालून एकदा ढवळलं, बोटाला लागलेला गर काठाला पुसला आणि म्हणाली, "आता सकाळी धुवू. तवरोक कोणी हात लावू नका." एक रात्र भिजलं की गर सुटतो आणि बी मोकळं होतं. सकाळी धुतलंच पाहिजे. आणखी राहिलं तर बी आंबतं, काळं पडतं, नाहीतर पाण्यातच मोड येतो. मग ते पेरून उपयोग नाही.

एवढं झाल्यावर ती हात धुवायला उठली आणि भिंतीला टेकून परत बसली. छातीत कळ आली म्हणाली. मी आतून पाणी आणेपर्यंत संपली होती. डॉक्टरचं काही लिहीत नाही, कारण आमच्या गावात डॉक्टर नव्हता. कोणावर राग नाही.

आता थोडं मागचं सांगतो, नाहीतर एका मडक्याचं एवढं काय, असं वाटेल.

आमचं गाव लहान. बाजाराला पिंपळगाव राजाला चालत जायचं. एक विहीर, तिच्या पाण्यावर थोडा भाजीपाला, एक म्हैस. मी दोन-तीन इयत्ता शिकलो, ती शाळेत गेलीच नाही. महाराष्ट्र नवा नवा झाला होता. खामगावच्या दुकानात बियांच्या छापील पुड्या मिळू लागल्या होत्या, वर लालभडक टमाट्याचं चित्र. आमच्या गल्लीत त्या कोणी आणत नव्हतं. गरजच नव्हती.

गल्लीत एकेका घराकडे एकेक बी होतं. शेजारच्या म्हातारीकडे दोडका. पलीकडे मिरची, त्याच्या पुढे वाल. माझी थोरली बहीण गल्लीच्या तोंडाशीच दिलेली, तिच्याकडे भेंडी. आमच्याकडे वांगं. हे कोणी ठरवलं ते मला माहीत नाही, मी लहान होतो तेव्हापासून असंच. सगळ्यांनी सगळं ठेवलं तर कोणीच नीट ठेवत नाही, असं माझी बायको म्हणायची. मृग जवळ आला की बायका पदरात बी घेऊन या घरून त्या घरी फिरायच्या. बी विकायचं नाही. देणारीनं मोजायचं नाही, घेणारीनं आपण होऊन पुरे म्हणायचं. हंगाम आला की घेणारीनं आपल्या वावरातलं एक चांगलं फळ देणारीच्या घरी आणून द्यायचं, बियासाठी. म्हणजे बी घरोघर फिरून परत यायचं. एखाद्या वर्षी आमची वांगी किडली तरी बी बुडत नव्हतं.

आमचं वांगं तिच्या माहेरचं, वरवट बकालचं. लग्नात तिच्या ओटीत नारळासोबत बियांची एक गाठ होती. लहान, देठाला काटे, अंगावर पांढरट रेघा. भरून करायचं वांगं. बाजारात बायका तिला नावानं ओळखत नव्हत्या, "काट्याची वांगेवाली कुठं बसली वं?" असं विचारत यायच्या. आमची मुलगी लोणारला दिली तेव्हा तिच्याही ओटीत हिनं तशीच गाठ बांधली. तिथं ते रुजलं नाही. माती मानवली नाही असं मुलगी म्हणाली. ही म्हणाली, "पाणी टाकायचा कंटाळा असन तुले."

बाजाराला जाताना ती आधी घरातल्या रिकाम्या वस्तू गोळा करायची. तेलाची बाटली, गळ्याला सुतळी बांधलेली. मिठाचा डबा. माझ्या जुन्या धोतराच्या थैल्या. आणि हळद-जिऱ्यासाठी फडक्याचे तुकडे, एकेका कोपऱ्यात एकेक जिन्नस बांधायला. मी म्हणायचो, बाजाराले चालली का घर बदलून राह्यली? वांगी विकून झाली की तेलाच्या घाणीवर बाटली भरायची, म्हशीसाठी सरकीची ढेप घ्यायची आणि मग किराणा. तिथला दुकानदार हाताचा चलाख होता, बोलता बोलता रद्दीच्या कागदात पुडी बांधून मोकळा व्हायचा. ती त्याचा हात धरायची.

"सोड तो कागद. फडक्यात टाक."

"मावशी, कागद खाते का तुमाले?"

"मले नाई खात. माही म्हैस त्याले खाते, अन मंग पोट फुगवून बसते. तो कागद ठेव तुह्याजवळ, अन त्याच्या वजनाचं जिरं टाक."

तो हसून चिमूटभर जास्त टाकायचा. हे बोलणं त्यांचं दर बाजारी व्हायचं, तेच शब्द, तरी दोघंही पहिल्यांदा बोलल्यासारखे बोलायचे.

यात काही पुण्य कमवायचा विचार नव्हता. टाकायचं कुठं, एवढंच तिचं म्हणणं. उकिरडा आपला, त्याचं खत आपल्याच वावरात जातं आणि त्या वावरात आपणच अनवाणी चालतो, मग त्यात काच-कागद कशाला? टोपल्याचं बूड गेलं की बुरडाकडे नेऊन नवं बूड घालून घ्यायची, त्याला बदल्यात वांगी. काठ तोच, बूड किती वेळा बदललं देव जाणे. उरलेली भाजी घरी आणायची नाही. शेजारी बसलेल्या कांदेवाल्याला वांगी द्यायची, त्याचे उरलेले कांदे आपण आणायचे. घरी आलो की थैल्या झटकून खुंटीला. बाजारातून आमच्या घरात असं काहीच यायचं नाही जे टाकून द्यावं लागेल.

आता त्या वर्षीचं. विहिरीचं पाणी लवकर आटलं होतं. शेवटची वांगी बियांसाठी तोडली आणि झाडं उपटून गल्लीतल्या बकऱ्यांना घातली. मागच्या वर्षीचं बी दुधी भोपळ्याच्या वाळलेल्या तुंब्यात ठेवलेलं असायचं, पण पावसाळ्यात तुंबा ओलावला आणि आतलं बी बुरसलं. तिनं ते चुलीत घातलं. गल्लीत बायकांनी परत द्यायची फळं आमच्याकडे आणून दिलीच होती, ती त्याच टोपल्यात होती. म्हणजे आमच्या गल्लीत वरवटचं वांगं जे काही उरलं होतं ते त्या मडक्यात होतं.

दिवस मावळायच्या आत तिला नेलं. उशीर करण्यात काही अर्थ नव्हता. लोणारला माणूस एसटीनं पाठवला, पण मुलगी दुसऱ्या दिवशीच पोहोचणार होती. मुलगा नाही, म्हणून अग्नी मीच दिला. आग नीट लागली. मी बाजूला उभा राहिलो आणि माझ्या डोक्यात मडकं आलं. आमच्याकडे घरात कोणी गेलं की घरातलं भरलेलं पाणी ओतून देतात, शिजलेलं टाकतात, मातीची भांडी बाहेर काढून फोडतात. माणसं तिकडे गेली की मागे बायका हे करतात. याची बायको जळून राह्यली अन याले वांग्याची पडली, असं कोणी म्हटलं असतं तर खरंच होतं. पण तिची काळजी करायचं काही राहिलं नव्हतं. मडक्याचं राहिलं होतं.

परत आलो, दारात कडुनिंबाचा पाला चावला. अंगणाच्या कडेला खापरांचा ढीग पडला होता. पाण्याचा माठ, दह्याचं गाडगं, सगळं. मी ढिगात वांग्याचा पिवळा गर शोधला. दिसला नाही.

मडकं बाहेर, फाटकाजवळ होतं. त्याच्यावर टोपलं पालथं घातलेलं आणि टोपल्याला हात लावून शेजारची दोडक्याची म्हातारी बसली होती. समोर माझी बहीण कमरेवर हात देऊन उभी.

"भाऊ आला, आता त्यालेच विचार," म्हातारी म्हणाली.

"विचारायचं काय त्यात?" बहीण म्हणाली. "मातीचं मडकं हाय, त्यात पाणी हाय. घरात मौत झाली तवा भरलेलं होतं. टाकाच लागते."

"पाणी हाय, पण प्यायचं नाई ना वं बाई."

"न्हायाचं असो का प्यायाचं. सुतकातलं बाटलेलं बी उद्या गल्लीत कोण पेरीन?"

हे तिचं खरं होतं. मी बी वाचवून ठेवलं आणि मृगात एकही बाई पदर घेऊन आली नाही, तर ते एका घरात पडून राहिलं असतं. आमच्याकडचं बी एका घरात जगत नाही.

मी म्हटलं, "मडकं फोडू. पण बी काढून."

"सुतकात हात लावशीन?"

"तिनंच कालवून ठेवलं ते. मी फक्त धुतो."

"लोक काय म्हणतीन, अरे?"

"म्हणू दे. बी नेणारे बी लोकच ना?"

बहीण म्हातारीकडे वळली. "तू पेरशीन हे?"

"म्या तर पेरीनच," म्हातारी म्हणाली. "अन माह्या सुनेले बी पेराले लावीन. सासू मेली तवा माह्या घरचा दोडका तू नेला होता ना वं? तेराव्याच्या आधी नेला होता. तुह्या मांडवावर चढला का नाई?"

बहीण पदर सावरून म्हणाली, "त्या वर्षी दोडका लय आला होता." आणि आत गेली. जाताना मला म्हणाली, "आज हात लावू नको. सकाळी काय करायचं ते कर. पण मडकं फुटलं पायजे."

मी हो म्हटलं.

सकाळी उजाडलं तसा मी फाटकाजवळ जाऊन बसलो. टोपलं काढलं. गर वर आला होता, फेस धरला होता, आंबट वास येऊ लागला होता. आणखी एक दिवस राहिलं असतं तर गेलंच होतं. हे धुवायचं काम नेहमी तिचं. माझं काम पाणी शेंदून देण्याचं. मी कधी नीट पाहिलं नव्हतं, पण डोळ्यासमोर होतं. हात घातला, गर चोळला, पाणी ओतलं आणि मडकं वाकवलं.

"अरे, बी चाललं ना गरासंगं!" ओट्यावरून बहीण ओरडली. ती हात लावायला खाली येत नव्हती, पण बसली बरोबर समोर. "असं भसकन वाकवतं का? तिरपं धर. जड बी खाली बसते, त्याले बसू दे आधी."

मी तिरपं धरलं. थांबलो. गर आणि हलकं बी वरच्या पाण्यासोबत गेलं. परत पाणी, परत चोळणं. पाणी स्वच्छ निघू लागलं तेव्हा तळाशी बी दिसलं, बारीक, पिवळसर, मूठ-दोन मुठी.

"राख किती लावू?" मी विचारलं.

"मले काय विचारतं? माह्याकडं भेंडी असते, तिले राख लागत नाई."

म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, बी एकमेकाले चिकटलं नाई पायजे, तवरोक लाव. घरात चूल पेटवायची नव्हती, जेवण शेजारून येणार होतं. पण चुलीत आदल्या दिवशीची राख होती, तिच्या सकाळच्या भाकरीची. ती ओंजळीनं काढली, चाळली आणि बियांवर टाकून हलक्या हातानं घोळली. खुंटीवरची बाजाराची एक थैली काढली, उसवली आणि भिंतीच्या सावलीत पसरली. बी तिच्यावर पातळ पसरलं.

मग मडकं उचललं, उकिरड्याच्या कडेला नेलं आणि फोडलं. बहिणीनं वाकून पाहिलं आणि मान हलवली.

चिमण्या आल्या होत्या. चिमण्या हाकलायलाही बायकोच बसायची. लोक भेटायला येऊ लागले, त्यांना मी म्हटलं, इथंच बसा, आत येत नाही मी. आणि तुरीची एक काडी घेऊन बियांजवळ बसून राहिलो.