शून्यापासून मोजणारा

वाद्यवृंदात त्याला सगळे ‘रिमोट’ म्हणत. नाव ड्रमवाल्याने ठेवलं होतं, आणि ड्रमवाल्याने ठेवलेलं नाव धुऊन जात नसे. तो स्वतः वीस वर्षं ‘भूकंप’ होता.

रिमोटचं वय अठ्ठावन्न. काम असं की रंगमंचावर कीबोर्डवाली जो सिंथेसायझर वाजवते, त्याचे आवाज आडून बदलायचे. एकाच गाण्यात तिला व्हायोलिन लागतं, मग बासरी, मग पितळी बिगुल. दोन्ही हात पट्ट्यांवर गुंतलेले, मग बटणं दाबायची कधी? म्हणून विंगेत, गुंडाळून ठेवलेल्या जुन्या पडद्यांशेजारी घडीचं टेबल टाकून रिमोट बसे. समोर लॅपटॉप, बाजूला आकड्यांची बटणं असलेला एक काळा खोका, आणि तिथून पंधरा पावलं जमिनीवरून सरपटत सिंथेसायझरच्या पाठीत शिरलेली केबल.

त्या केबलमधून आवाज जात नाही, फक्त हुकूम जातो. अमुक चॅनल, अमुक नंबरचा आवाज लाव. त्याला मिडी मेसेज म्हणतात. हुकूम पोचला की नाही, हे उलट कळवायची सोय त्या केबलला नाही. ते रिमोटला हेडफोनमध्ये कळे, कीबोर्डवालीने पुढची पट्टी दाबल्यावर. त्याच्या खुर्चीवरून तिचा उजवा कोपर आणि बुटांच्या टाचा एवढंच दिसे. सहा वर्षांत तीन कोपर झाले होते. आत्ताचा कोपर वाद्यवृंदातल्या सगळ्यांत लहान मुलीचा. तिला सगळे ‘धाकटी’ म्हणत.

पूर्वी तो स्वतः वाजवायचा. मग डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तळव्याकडे वळू लागली. ऑपरेशन झालं, बोटं सरळ झाली आणि सरळच राहिली. अशा हाताने टाटा करता येतो, कॉर्ड धरता येत नाही. बायको त्याच्या आधीच सोडून गेली होती, त्यामुळे तो दोष बोटांवर टाकायचीही सोय नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तो एकटा राही. घरात एकही वाद्य नव्हतं. रविवारी ताईचा फोन येई.

“टीव्हीवर दाखवला की रे तुमचा कार्यक्रम. तू दिसला नाहीस.”

“मी दिसत नाही, ताई.”

“अरे, मग तो पडदा तरी जरा सरकवायला सांग कुणाला!”

या कामात एक खोच आहे. सिंथेसायझरच्या स्क्रीनवर आवाज एकपासून मोजलेले असतात. मेसेज मात्र शून्यापासून मोजतो. स्क्रीनवर शेहेचाळीस यायला हवा असेल तर खोक्यावर पंचेचाळीस दाबायचं. रिमोटला त्यासाठी डोकं चालवावं लागत नसे. एक वजा करणं हाडीमाशी मुरलं होतं. लिफ्टमध्येसुद्धा त्याचं बोट आधी एक मजला खाली जाई.

मग मास्तरांनी यादी आणली. मास्तर गिटार वाजवत आणि वाद्यवृंद चालवत. यादी म्हणजे लॅपटॉपमधला एक नवा प्रोग्रॅम. भूकंपाच्या कानात जो ठेका वाजतो, त्याच्याशी ती बांधलेली. अमुक ठोका आला की अमुक आवाज, आपोआप. बावीस गाण्यांचे दीडशेच्या वर बदल रिमोटनेच तीन आठवडे बसून तिच्यात भरले. ही यादी माणसांसारखी एकपासून मोजायची, त्यामुळे वजाबाकीची गरज उरली नाही.

चारच्या कार्यक्रमाआधी मास्तर विंगेत आले.

“आज यादी चालवेल. तू नुसतं बसायचं. हात लावायचा नाही.”

“अडली तर?”

“तर अडू दे. मला तेच बघायचंय. अडली तर तुझी खुर्ची शाबूत. नाही अडली, तर पुढच्या दौऱ्याला बसमध्ये एक सीट मोकळी.”

“बाई कडवं परत घेतात,” रिमोट म्हणाला. बाई म्हणजे गायिका.

“नाही घेणार. कबूल केलंय त्यांनी.”

“बाईंनी कबूल केलंय?” भूकंप लांबून ओरडला. “मग आपण सगळेच घरी जाऊया!”

अकरा गाणी यादीने बिनचूक काढली. रिमोट हात मांडीखाली घालून बसला होता. प्रत्येक बदलाच्या अर्धा ठोका आधी त्याचा अंगठा हले, आणि मग यादी ते काम करून मोकळी होई. अकराव्या गाण्यानंतर त्याने हेडफोन एका कानावरून काढून ठेवला. पुढच्या महिन्यात संध्याकाळी चार ते सात माणूस काय करतो, याचा तो विचार करत होता.

बारावं गाणं संथ होतं. शेवटच्या कडव्यात बासरी, कडवं संपलं की बिगुल आणि समाप्ती. कडवं संपलं, यादी बिगुलावर गेली. आणि बाईंनी डोळे मिटून तेच कडवं पुन्हा धरलं.

भूकंपाने कानातला ठेका झुगारून बाईंच्या मागे हात वळवला. मास्तरांनीही वळवला. ते सवयीचे होते. यादीला मात्र डोळे मिटलेले कळत नाहीत. बाईंच्या ओळीनंतर बासरीचं उत्तर यायचं होतं, चार ठोक्यांवर. धाकटीचा कोपर हवेत थांबला. तिच्या बोटांखाली बिगुल होता आणि तो तिला स्क्रीनवर दिसत होता.

खुर्ची वाचवायला रिमोटला काहीही करायचं नव्हतं. चार ठोके नुसतं बसायचं होतं.

त्याने यादी थांबवली, खोका ओढला आणि बासरीचा नंबर दाबला. शेहेचाळीस. तीन आठवड्यांत वजाबाकी निसटली होती. धाकटीचं बोट पडलं आणि त्या हळव्या ओळीमागून घंटा वाजली, शाळा सुटल्यासारखी. पुढच्या सुराआधी त्याने पंचेचाळीस दाबलं. बासरी आली. तिथून गाणं संपेपर्यंत प्रत्येक बदल त्याने हाताने केला, आणि तेराव्या गाण्याला यादी पुन्हा सुरू करून दिली. पुढे बाईंनी एकही कडवं परत घेतलं नाही.

साडेसहाला पडदा पडल्याबरोबर मास्तर आले.

“ती घंटा कुठून आली?”

“माझ्याकडून.”

“हात लावू नकोस म्हटलं होतं ना, रिमोट?”

“बाईंनी कडवं परत घेतलं. यादी तोवर बिगुलावर गेली होती.”

“मला तर कुठे बिगुल ऐकू आला नाही.”

“वाजलाच नाही तो. हिने पट्टीच दाबली नव्हती.”

मास्तरांनी धाकटीकडे पाहिलं. “आला होता बिगुल तुझ्याकडे?”

धाकटी विंगेत येऊन हेडफोनची वायर गुंडाळत होती. “मी... माझं लक्ष पट्ट्यांकडे होतं.”

लॅपटॉपमध्ये प्रत्येक मेसेजची वेळेसकट नोंद राहते. बिगुल यादीने पाठवल्याची, यादी थांबवल्याची, शेहेचाळीसची आणि पंचेचाळीसची. झाकण उघडंच होतं. स्क्रीन मास्तरांकडे फिरवायला एक हात पुरला असता. धाकटी खोटी पडली असती, तेही मास्तरांसमोर. रिमोटने झाकण लावलं.

“बाईंना सांगतो, सीट मोकळी झाली म्हणून,” मास्तर म्हणाले. थोडं थांबून त्यांनी जोडलं, “वाईट वाटून घेऊ नकोस.” आणि गेले.

धाकटीने वायर खाली ठेवली.

“काका, मी पाहिला होता बिगुल,” धाकटी म्हणाली.

“माहितीये. कोपर थांबला होता तुझा.”

“गेल्या महिन्यातच मला कायम केलंय हो. यादीला नावं ठेवली असती तर मास्तर...”

“असू दे.” त्याचा आवाज चढला नाही, पण मऊही नव्हता. “आता यादी हवीच आहे सगळ्यांना, तर ती नीट शिक. बाई कडवं परत घेणार. पुढच्या खेपेला विंगेत कुणी नसेल. तेव्हा काय करशील?”

त्याने लॅपटॉपचं झाकण परत उघडलं. पेटीतून एक पायाचं पेडल काढलं, ते लांब वायरीने लॅपटॉपला जोडलं आणि तिच्या स्टुलाशी सरकवलं. मग पाच मिनिटं खटपट करून असं बसवलं, की पेडल दाबताच यादी थांबेल आणि आधीच्या आवाजावर परत जाईल.

“दाब.”

तिने दाबलं. यादी थांबली. स्क्रीनवर बासरी आली.

“पायाकडे बघू नकोस. बाईंकडे बघ. परत.”

बाई कधीच निघून गेल्या होत्या. धाकटी रिकाम्या माईककडे बघून पेडल दाबत राहिली. दहादा चुकली, मग चुकेनाशी झाली. बाहेरून बसचा हॉर्न वाजला.

“काका, येताय ना?”

“तू हो पुढे. मला आवरायचंय.”

आवरायचं फारसं नव्हतं. लॅपटॉप वाद्यवृंदाचा होता, पेडलही. तो काळा खोका तेवढा त्याचा स्वतःचा. त्याने तो पिशवीत टाकला, टेबलाची घडी घातली, आणि बस सुटल्याचा आवाज आल्यावर मागच्या दाराने बाहेर पडला. बाहेर अजून ऊन होतं.