युसूफ वडगावात विचारलेला प्रश्न

परभणीला आगगाडी सोडून उस्मानचाचांच्या दमणीत (छपराच्या हलक्या बैलगाडीत) बसले, तेव्हा पुण्याची मंडळी आठवली. "बाईमाणसानं मोगलाईत एकटीनं हिंडायचं?" म्हणे! हिंडायचं तर हिंडायचं. हैदराबादच्या जनाना दवाखान्यात मी स्तनातल्या गाठी कापते. बायका येतात त्या गाठ फुटल्यावर, माझ्या हातात काही उरलेलं नसताना. ही गाठ होते कशानं आणि ती टाळता येईल का, हे गावोगावच्या बायकांनाच विचारायला मी निघाले होते.

गंगाखेडला गोदावरी ओलांडली, परळी वैजनाथला मुक्काम केला. मोमिनाबादचा घाट चढताना चाकाची धाव (लोखंडी पट्टा) निसटली.

"उतरा बाईसाब. बैल बी थकले अन् मी बी," चाचा म्हणाले. दोन्ही बाजूंना काळी रानं आणि फुटलेला कापूस. ऊन मी म्हणत होतं. धाव पुन्हा ठोकून बसवली; युसूफ वडगावला पोचेतो दिवस कलला.

उतरले पाटलांकडे. पाटलीणबाईंनी ज्वारीची भाकरी आणि काराळ्याची (कारळ्याच्या तिळांची) चटणी वाढली. इतकी जहाल, की माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी!

"खा की गं बाई, लई वाळलीस," म्हणत त्यांनी आणखी लोणी वाढलं. बाई मायेची होती.

सकाळी ओसरीवर बायका जमल्या. पहिलं मूल कधी झालं, अंगावर किती दिवस पाजलं, कुठं गाठ लागते का, एवढंच मी विचारत होते. गाठीचं नाव काढलं की सगळ्यांचं एकच, "न्हाई." पाटलांची सून सखू पाणी देत होती. तिचा डावा हात अंगालगत आखडलेला. तिला मी माजघरात नेलं आणि तपासलं. बोराएवढी कडक गाठ, पण हलणारी. अजून वेळ गेलेली नव्हती! घाईघाईनं मी विचारलं, "मुलीला किती दिवस पाजलंस?"

पाटलीणबाई दारातच उभ्या होत्या. "ऐकलंस? पोरीला दुधावरनं लवकर तोडलंस, म्हनून झालं ह्ये! डाक्टरीणबाईनं बी त्येच काढलं."

सखूनं पदर ओढून घेतला. "मला काय बी झालं न्हाई," म्हणाली आणि आत निघून गेली. मग कळलं, दुसऱ्या दिवशी अवसेला गाठीवर डाग द्यायचा ठरला होता. चाचांनी विचारलं, "जोडू बैल?" मी ओरडलेच, "नाही!"

दुसऱ्या दिवशी अंगणात शेगडी धगधगत होती, विळा लाल झाला होता. डाग देणारा म्हातारा निवांत तंबाखू मळत होता. मी शेगडीपुढं जाऊन उभी राहिले.

सखूच्या नवऱ्यानं विचारलं, "हैद्राबादेला नेली तर वाचंल का?"

सगळं अंगण माझ्याकडं बघत होतं. हो म्हणायचा फार मोह झाला. "सांगता येत नाही," मी म्हणाले.

म्हातारा हसला. "म्या सांगतो. बरी हुईल."

"अवो, दूध तोडलं म्हनून झालं, तुमालाच ठावं की!" पाटलीणबाई म्हणाल्या.

माझा संताप अनावर झाला. "मला ठाऊक असतं तर हाडं खिळखिळी करून घेत इथवर विचारायला आले असते का? पाच पोरं पाजलेल्या बाईचीही गाठ कापलीय मी. मला माहीत नाही, म्हणून विचारते!"

सखू दारात आली. "म्हंजी माज्यामुळं न्हाई झालं?"

"तुझ्यामुळं झालं असं कुणालाच म्हणता येणार नाही."

तिनं म्हाताऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "ह्यो बरी हुईल म्हनतो, तुमी सांगता येत न्हाई म्हनता. मला तुमचंच खरं वाटतंय. येते मी."

नवऱ्यानं मान डोलावली. निघताना भाकरीचं गाठोडं पाटलीणबाईंनी सुनेच्या मांडीवर ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला.

परतीच्या वाटेवर दमणीचा प्रत्येक हिसका मला त्या गाठीवर बसल्यासारखा वाटत होता. हैदराबादला मी गाठ कापली, जखम भरली. नवरा न्यायला आला, तेव्हा सखूनं विचारलं, "बाई, कारन घावलं का?"

"नाही गं."

"घावलं की आदी माज्या पोरीला सांगा."

आता कुठल्याही गावात बायकांपुढं बसले, की मी पहिल्यांदा सांगते, मला माहीत नाही. मगच प्रश्न विचारते. सखूची पोर परवा सासरी गेली. तिला सांगण्याजोगं माझ्यापाशी अजून एवढंच आहे, की गाठ लागली तर लपवू नकोस, लगेच ये.