जाळात गेलेली प्लेट

वांग्यांच्या वासात प्लास्टिकचा वास आला, म्हणून मी काठीने पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ विस्कटला. आत नातीच्या जबड्याची प्लेट होती. वितळून गोळा झालेली. ती गुंडाळलेली कागदाची पुडी कचरा समजून मीच टाकली होती.

शेतात भरिताचं जेवण होतं. पहिली पंगत बसली होती, मी दुसऱ्या पंगतीची वांगी भाजत होते.

नात तेरा वर्षांची. खालचा जबडा मागे राहिलेला, माझ्यासारखाच. जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या तोंडात कॅमेरा फिरवून माप घेतलं आणि मशीनवर प्लेट छापली. ती घातली की जबडा पुढे राहायचा. हाड वाढतंय तोवरच उपयोग, मग ऑपरेशनच, असं त्यांनी बजावलं होतं. जेवतानाच तेवढी काढायची.

माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, पानावरून उठला, लेकीला म्हणाला, "प्लेट कोठे शे?"

"आजीने जाळात टाकली."

"तू पाहिलंस?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तोंडात घास होता."

तो माझ्याकडे वळला. "माय, तुला जाळायची भारी घाई. आता आम्हालाही टाक."

वांगी सोलायची होती, ती सोलली.

दुसऱ्या दिवशी मीच तिला जळगावला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माप कॉम्प्युटरमध्ये आहे. आठवड्याने पुन्हा छापून देते." नातीचा चेहरा उतरला. प्लेट जळली की सुटले, असं तिला वाटलं होतं.

परतताना एसटीत म्हणाली, "ती घातली की बोलता येत नाही, लाळ गळते. वर्गात मला 'लाळी' म्हणतात."

"मला बिनहनुवटीची म्हणायचे. लग्नातही म्हणाले."

"मग तू काय केलं?"

"काय करणार? तेव्हा प्लेट नव्हती."

एरंडोल आल्यावर ती म्हणाली, "मी मुद्दाम गप्प बसले, हे पप्पांना सांगशील?"

"नाही."

आठवड्याने नवी प्लेट आली. तिने ती स्वतःच तोंडात बसवली. पहिले दोन दिवस दुखलं, धड जेवली नाही. मी भात मऊ करून दिला, तेवढंच. पुढचे चौदा महिने ती प्लेट कुणी न सांगता तिनेच घातली.