डीलियामावशीने जपलेला आवाज

माझी डीलियामावशी जन्मभर क्लीव्हलंडमधल्या एका बँकेच्या फरशा पुसत राहिली. माझ्या आईची ही धाकटी बहीण. दोघी आयर्लंडच्या अकिल बेटावरून एकाच बोटीने अमेरिकेत आल्या. आईचं लग्न झालं, मावशीचं राहिलं ते राहिलंच. ती आमच्याच घरात वरच्या खोलीत राहायची, रविवारी सोडा-ब्रेड भाजायची आणि फादरांचं प्रवचन लांबलं की बसल्या बाकावरून शेरे मारायची. तोंडाची फटकळ, पण हसरी. फक्त तिच्या कपाटावरच्या त्या काळ्या पेटीला हात लावायचा नाही, हे आम्हा पोरांना चालायला लागल्यापासून ठाऊक होतं.

पेटीत फेस्टस लॅव्हेलचं व्हायोलिन होतं.

फेस्टसही अकिलचाच. दिवसभर गोदीवर खनिज उपसायचा आणि शनिवारी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात वाजवायचा. नाचायला जागा हवी म्हणून टेबल उचलून अंगणात ठेवत. मावशी सांगायची, "दिसायला काही खास नव्हता गं. कान तेवढे मोठे. पण वाजवायला लागला की मला घरचा समुद्र ऐकू यायचा."

एकोणीसशे एकोणतीस साली लेंटचे, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांचे, उपास लागायच्या आधी त्यांचं लग्न ठरलं. दारूबंदीचे दिवस. म्हणजे दारू मिळत नव्हती असं नाही, गल्लीगल्लीत हातभट्ट्या होत्या. पण त्याच हिवाळ्यात शेजारच्या एका लग्नात असली गावठी पिऊन नवऱ्या मुलाच्या भावाचे डोळे गेले. फेस्टस म्हणाला, "माझ्या लग्नात कुणी आंधळं व्हायचं नाही. मी चांगली व्हिस्की आणतो."

आमच्या शहराला लागून असलेलं एरी सरोवर गोठलेलं होतं. त्याच्यावरून पलीकडे कॅनडापर्यंत, जिथे दारूवर बंदी नव्हती, मोटारी जायच्या. बर्फ फुटलाच तर उडी मारता यावी म्हणून मोटारीची दारं काढून ठेवत. फेस्टस एका ओळखीच्या माणसाबरोबर गेला. जाताना व्हायोलिन मावशीकडे दिलं. "थंडीनं तडकेल. सांभाळ हं."

येताना बर्फ फुटला. तो ओळखीचा माणूस सरपटत किनाऱ्याला लागला. फेस्टस नाही. वसंतात बर्फ वितळला, तरी तो सापडला नाही.

मावशीने पेटी बंद केली ती केलीच. पुढे चांगले चांगले वादक घरी आले, विनवून गेले. ती म्हणायची, "त्याचा आवाज आहे आत. मला तो वाजवून संपवायचा नाही."

मावशीची पंच्याहत्तरी उलटल्यावर एकदा आमच्या वस्तीतल्या छोट्या संग्रहालयाने जुन्या आयरिश गाण्याबजावण्याची आणि दारूबंदीच्या आठवणींची संध्याकाळ ठरवली. आमचा पोस्टमन मॅलकी गॉहन तिथे वाजवणार होता. त्याने भीत भीत व्हायोलिन मागितलं. मावशीने पेटी कपाटावरून खाली काढली. मग म्हणाली, "घेऊन जा. मी गेल्यावर ही पोरं पेटी माळ्यावर टाकतील. त्यापेक्षा मी जिवंत असताना एकदा ऐकते."

त्या संध्याकाळी तिने केस धुतले, निळा झगा घातला, ओठांना रंग लावला. गाडीत माझा हात घट्ट धरून बसली होती. संग्रहालयाच्या दारात खोट्या मिशा लावलेला एकजण चोरट्या गुत्त्यातल्यासारखा परवलीचा शब्द विचारत होता. मावशी म्हणाली, "बाळा, आधी तुझी मिशी चिकटव. निम्मी लोंबतेय."

आत हशा, टाळ्या. कपबशीतून लिंबूसरबत देत होते, दारू म्हणून. एकाने बर्फावरून पळणाऱ्या तस्करांची नक्कल केली. घसरून धपकन पडला. लोक पोट धरून हसले. मी मावशीकडे पाहिलं. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती मॅलकीकडे बघत होती.

त्याने नव्या तारा लावल्या होत्या, एक चीर बुजवली होती. मावशीने सांगितलेलीच जुनी नाचाची गत त्याने धरली. चांगली वाजवली, अगदी मनापासून. लोकांचे पाय हलायला लागले. मावशी डोळे मिटून, मान पुढे करून ऐकत होती. मग तिने डोळे उघडले आणि कुणीतरी दारातून हाकलल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

"हा तो नव्हे गं."

"मावशी, तारा नव्या आहेत म्हणून..."

"नाही. हे नुसतं व्हायोलिन आहे." ती मॅलकीच्या हातांकडे बघायला लागली. "आवाज बोटांत होता त्याच्या. बोटं तर तळ्यात गेली. मी मग एवढी वर्षं काय जपलं?"

टाळ्या चालू असतानाच ती रडायला लागली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. आईनेही नाही, फेस्टस गेला तेव्हासुद्धा नाही. मॅलकी घाबरून मंचावरून खाली आला. "डीलियाबाई, माझं काही चुकलं का?"

तिने त्याच्या गालावर हात ठेवला. "नाही रे राजा. छान वाजवलंस. ठेव ते तुझ्याकडेच."

दुसऱ्या दिवशी ती फादरांकडे गेली आणि फेस्टसच्या आत्म्यासाठी प्रार्थना लावली. प्रेत मिळालं नाही म्हणून ती तिने आजवर कधी लावू दिली नव्हती. आम्ही मोजकीच माणसं होतो. मावशी काळा झगा घालून आली आणि सगळ्यात पुढच्या बाकावर, जिथे गेलेल्या माणसाची बायको बसते, तिथे एकटीच जाऊन बसली.