आमच्या राइट बॅकचा हात

आत्या अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होती आणि बदलापुरात कात्रपला आमच्याच घरी राहायची. फुटबॉलशी तिचा संबंध आला तो वरच्या मजल्यावरच्या मुलामुळे. तो मुंबईच्या एका क्लबकडून राइट बॅक खेळायला लागला आणि रविवारी मॅच असली की आत्या मला घेऊन मुंबई गाठायला लागली. दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात होते.

एका रविवारी कोलकात्याचा एक मोठा क्लब आला होता. पहिल्या हाफमध्ये आमच्या फॉरवर्डला त्यांच्या बॉक्समध्ये सरळ पाय घालून पाडलं. रेफरीने नुसती हाताने खूण केली, खेळत राहा. आत्या उभी राहिली. "अहो, घरून डोळे आणायचे राहिले का?" आजूबाजूचे लोक हसले, मग तेही ओरडायला लागले.

मॅच संपत आली तेव्हा बॉल आमच्या राइट बॅकच्या अंगावर आदळला. रेफरी बराच लांब होता आणि मध्ये चार-पाच खेळाडू होते. तरी त्याने शिट्टी मारली. हँडबॉल, पेनल्टी. आम्ही एक-शून्य हरलो.

"छातीला लागला होता! विकला गेलाय मेला," आत्या बदलापूरपर्यंत हेच म्हणत होती. घरी आल्यावर जेवलीही नाही. मोठ्या क्लबांना रेफरी नेहमीच सांभाळून घेतात, हे तिचं मत आता पक्कं झालं. माझंही झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मुलगा जिन्यात भेटला. आत्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू मनाला लावून घेऊ नकोस रे. अख्ख्या मैदानाने बघितलं."

तो खाली बघत राहिला. "आत्या, हाताला लागला होता गं."

आत्याने पाठीवरचा हात काढला. मला वाटलं, आता संपलं.

"त्याला दिसला होता का?" तिने विचारलं.

"छे. त्याला कुठून दिसणार? मध्ये सगळे उभे होते."

"आणि आपल्या पोराला पाडलं ते?"

"ते तर त्याच्यासमोरच झालं. ती पेनल्टी द्यायलाच हवी होती."

"मग?" आत्याचा आवाज पुन्हा चढला. "जे दिसलं ते दिलं नाही आणि जे दिसलं नाही ते दिलं. याला काय म्हणायचं?"



पुढच्या महिन्यात पुन्हा तोच रेफरी आला. तो टॉससाठी मैदानाच्या मधोमध पोचतो न पोचतो तोच आत्या उठून ओरडायला लागली. मी तिचा पदर ओढला. "अगं, अजून काही झालंच नाहीये."

"होईल," ती म्हणाली आणि खाली बसली.