कोतवाल बुकाची नक्कल

बहात्तरच्या दुष्काळानंतर मी पदवीधर झालो आणि तालुक्याच्या कचेरीत, नक्कल शाखेत कारकून म्हणून लागलो. आमच्या घरात पगार घेणारा मी पहिलाच. शाळेतल्या मास्तरांनी वसतिगृहासाठी माझे कागद जमवून दिले नसते, तर मीही वडिलांसारखा दुसऱ्याच्या शेतात राबलो असतो. हे मी विसरत नसे; पण संध्याकाळी कचेरीतून निघताना पाठ आणि डोळे तेवढे दुखायचे, बाकी काही वाटायचं नाही.

एका उन्हाळ्यात जऊळका स्टेशनावर हमाली करणारे एक गृहस्थ सारखे येत. त्यांच्या मुलीची अकोल्याला नर्सच्या शिक्षणासाठी निवड झाली होती. जन्मतारखेचा पुरावा शनिवारपर्यंत पोचला नाही, तर जागा दुसरीला जाणार होती. गावोगावचे जन्म कोतवाल बुकात नोंदलेले असत आणि ती बुकं आमच्या रेकॉर्ड रूममध्ये. मी अर्ज आत पाठवायचो, तो परत यायचा. शेरा एकच: ‘अभिलेख आढळून येत नाही.’

वर्ष चुकलं असेल म्हणून मागचं-पुढचं वर्ष घालून पाहिलं. जन्म आजोळी झाला असेल म्हणून शिरपूरचंही नाव घातलं. शेरा तोच.

“साहेब, तिची माय मनते, पोर जऊळक्यातच झाली. मी काय खोटं सांगून राह्यलो?”

“तुमचं खोटं नाही हो. कागद सापडून नाही राह्यला.”

“पोरगी तं घरात बसून आहे. मंग कागद कुठी गेला?”

शेवटी मंगळवारी मीच आत गेलो. रेकॉर्ड कीपर खायचं पान लावत बसले होते.

“या, बी.ए. साहेब. आज वाट चुकले का?”

मी जऊळक्याची बुकं विचारली. त्यांनी बसल्या जागेवरून कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे बोट केलं. त्याच्या कडीवर कापडाची पट्टी आणि लाखेचं सील होतं.

“त्याच्यात आहेत.”

“मंग ‘आढळत नाही’ काहून लिहिता?”

“ते कपाट माह्या चार्जात आहे का? आधीचा बदलीवर गेला, यादी जुळली नाही, मी सही केली नाही. जे चार्जात नाही, ते मले आढळन कसं? उघडलं आन एखादं बुक कमी निघालं, तं माही पेन्शन तुमी देसान का?”

मला राग आला नाही, थकवाच आला. इतके दिवस मी हरवलेला कागद शोधत होतो. कागद जागेवरच होता, उघडायची मुभा कोणालाच नव्हती, आणि तसं लिहायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

कपाट रेकॉर्ड कीपरच्या ताब्यात द्यावं, अशी टिपणी मी लिहिली. तहसीलदार दौऱ्यावर होते. गुरुवारी दुपारी ते आले, टिपणी वाचली आणि माझी मुख्य ओळच खोडली. यादी जुळेपर्यंत चार्ज नाही. या एका नोंदीपुरतं दोन साक्षीदारांसमोर उघडा आणि पुन्हा सील करा.

शुक्रवारी सकाळी सील तोडलं. नोंद सहज मिळाली. मी नक्कल उतरवली, ताडून घेतली, शिक्का मारून त्या गृहस्थांच्या हातात दिली.

“पोरीचं नाव कोणतं याच्यात?”

“नाव नाही. ‘मुलगी’ लिवलं आहे. नोंद झाली तवा नाव ठेवलं नसन.”

“मंग चालन का?”

“चालन. तारीख आन बापाचं नाव पायजे.”

कागद टोपीत ठेवून ते अकोल्याच्या गाडीसाठी निघाले. कपाटाला परत लाख लागली.

सोमवारी ते आले. मुलीला जागा मिळाली होती. मला फार बरं वाटलं. त्यांच्या मागे आणखी एक माणूस उभा होता, हातात आमचाच शेरा मारलेला अर्ज.

“हे आमच्या शेजारचे,” ते म्हणाले. “मी याइले सांगतलं का, कागद हरपला नसते, कपाटात असते.”

मी त्या माणसाला बाकावर बसायला सांगितलं आणि नव्या टिपणीसाठी कोरा कागद घेतला.